तूप रवाळ राहिलं पाहिजे

माझी मोठी जाऊ कोणाच्याही घरी गेली की आधी माणसांशी बोलत नसे. चपला काढायची, आत यायची आणि सरळ भिंतीला तळहात लावायची. एक भिंत झाली की दुसरी. घरातले लोक "या बाई, बसा" म्हणत तिच्या मागे फिरायचे. सगळ्या भिंती झाल्या की मग बसायची, तेही पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून, आणि म्हणायची, "हे भिंत नाई, तवा हाय. पोया टाका याच्यावर."

मला तिचा हेवा वाटायचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कोणाला पुढे शोधत बसायला नको. तोंडावर मी तिला बाई म्हणे, अहो-जाहो करे. मनात कधी केलं नाही, आणि आता लिहिताना तरी कशाला करू.

ती अकोल्याला जठारपेठेत राहायची, आम्ही अमरावतीला. माझे मोठे दीर रेल्वेत होते. त्यांची सगळी नोकरी बडनेऱ्याला गेली आणि क्वार्टर असं मिळालं होतं की दुपारी दोन वाजता नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकावी. तिथे तिने ऊन पाठ केलं. कोणत्या महिन्यात कोणत्या खिडकीतून कुठवर येतं, कोणती भिंत दिवसा तापते आणि कोणती संध्याकाळी आत फेकते. नोकरी संपल्यावर ते अकोल्याला तिच्या माहेराजवळ राहायला गेले. दीर लवकर वारले. मूलबाळ नव्हतं. मग तिने उन्हाचंच घर मांडलं म्हणायचं.

अकोल्याच्या माणसाला उन्हाचा गर्व असतो. दुसऱ्या कोणाकडे सोनं असेल, शेती असेल, यांच्याकडे ऊन. मी मे महिन्यात अमरावतीहून गेले आणि घाम पुसला की ती म्हणायची, "अमरावतीची मानसं तुमी, नाजूक. तुमच्या उन्हात आमी कपडे बी वायत नाई घालत."

पूर्वी लोकांकडे कूलर होते तोवर तिची हुशारी भिंतीपुरती होती. एसी आले आणि तिचे दिवस आले. मुहूर्त काढायला जसं कोणाला बोलावतात तसं लोक तिला एसी घ्यायला बोलावू लागले. ती आधी घर पाहायची. मग सोबत दुकानात जायची. दुकानदार विचारायचा, "खोली केवढी आहे?" बाई म्हणायची, "खोली राहू द्या. त्या खोलीत झोपते किती ते इचारा." मग तिचे प्रश्न सुरू. वर दुसरी खोली आहे की उघडा स्लॅब आहे, पश्चिमेची भिंत कोणाची, स्वयंपाकघराचं दार त्यात उघडतं का, दुपारी शेजारपाजारचे येऊन पडतात का. आमच्याकडे हे शेवटचं फार महत्त्वाचं. वऱ्हाडात घरात एक खोली थंड झाली की सगळं घर त्याच खोलीत गाद्या टाकतं. पाहुणा आला तर तोही तिथेच. दुकानातला मुलगा खोलीची लांबी-रुंदी पाहून दीड टन सांगतो, आणि रात्री त्या खोलीत आठ माणसं घोरत असतात. मग म्हणायचं, एसी बेकार निघाला.

तिच्या शेजारी एक चाची राहायच्या. त्यांचा घरीच शिवणकामाचा धंदा होता, लग्नाचे कपडे शिवायच्या. त्या एसी घ्यायला निघाल्या. खोली लहान म्हणून दुकानदाराने एक टन काढला. बाई म्हणाली, "यायच्या घरी दिवसभर इस्तऱ्या चालते. इस्तरी म्हनजे मानूसच हाय, अन् तापट मानूस. दीड टन द्या." चाची म्हणाल्या, "आपा, मैं तो पंखे में भी बैठ जाऊँगी." बाई म्हणाली, "तू बसशीन, पन जरीवर तुहा घाम पडन त्याचं काय?" चाचींनी दीड टन घेतला. पुढे कितीतरी वर्षं त्या हे प्रत्येकाला सांगत. मलाही दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं नाही.

आणि तिची ती वाटी. एसी बसला की ती पिशवीतून पितळेची झाकणाची वाटी काढायची. त्यात घरचं तूप. ती वाटी माणूस झोपणार तिथे, उशाशी ठेवायची आणि यंत्र चालू करून आपण बाहेर गप्पा मारत बसायची. बऱ्याच वेळाने जाऊन पाहायची. उन्हाळ्यात आमच्याकडे तूप पाण्यासारखं पातळ असतं. एसीत ते तसंच राहिलं तर यंत्र लहान पडलं. दगडासारखं झालं तर मोठं झालं. "तूप रवाळ राह्यलं पाह्यजे," ती म्हणायची. "तुपाले जे सोसते तेच मानसाले सोसते." दुकानदार आधी हसायचे. मग हसेनासे झाले, कारण तिने तूप दाखवून यंत्र परत करायला लावलं होतं.

गंमत अशी की तिच्या स्वतःच्या घरी एसी नव्हता. वाळ्याच्या ताट्यांचा जुना कूलर होता. कोणी विचारलं की म्हणायची, "मी एकटी. एकट्या मानसाले कायले लागते?"

मी चौथी शिकलेली. ती सातवी. फरक तीन इयत्तांचा होता, पण आमच्या घरात तो कोणी विसरू दिला नाही. घर बांधलं तेव्हा खिडक्या कुठे ठेवायच्या ते तिने सांगितलं. पाण्याची टाकी कोणत्या कोपऱ्यात, तेही तिने. आमच्या ह्यांना साधा पंखा घ्यायचा असला तरी एक वाक्य ठरलेलं होतं, "वहिनीले इचारून घेऊ." वीस पावलांवर मी उभी असायची.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझी खरी दुखरी जागा माझी मुलगी होती. एकुलती एक, उशिरा झालेली. शाळेच्या सुट्ट्या लागल्या की ती अकोल्याला पळायची. तिथे दोघी भिंती तपासत हिंडायच्या. ती तिला मोठाई म्हणायची. मी नुसती आई. लग्न होऊन ती पुण्याला गेली. तिला दिवस गेले तेव्हा तिथून तिने पहिला फोन मोठाईला केला आणि दुसरा मला. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझा फोन लागत नव्हता." माझा फोन दिवसभर माझ्या कमरेला होता. बाईला मूल नव्हतं म्हणून मी माझी मुलगी तिला वाटून द्यायची, असा कुठे नियम आहे?

त्याच वर्षी थंडीत बाईने एसी घेतला. एक टनाचा. स्वेटर घालायच्या दिवसांत एसी घेते म्हणून आम्ही सगळे हसलो. ती म्हणाली, "थंडीत दुकानदार नीट बोलते. उन्हाळ्यात त्याले मानूस दिसत नाई." तिचं सगळंच असं असायचं, म्हणून कोणी पुढे विचारलं नाही.

मुलीची तारीख मे महिन्यातली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात बोलायचं काही नव्हतं. पण जावयाने पुण्याहून विचारलं, "आई, तुमच्याकडे एसी आहे का?" त्याला आमच्या मे महिन्याची भीती बसली होती. मी म्हटलं, घेऊ. हे म्हणाले, "वहिनीले बोलावतो. खोली पाहून सांगते."

मी म्हटलं, "काही गरज नाई. मी जाते."

आणि गेले. अमरावतीतल्या दुकानात मुलाने खोलीचं माप विचारलं. बाळंतिणीसाठी मी आतली खोली काढली होती. रस्त्याचा आवाज नाही, कोणाची नजर नाही, बाळंतिणीची असते तशी खोली. मुलगा म्हणाला, "एक टन पुरेल, काकू." मी विचारलं, "त्याच्याहून मोठा कोणता?" तो म्हणाला, दीड. "त्याच्याहून?" तो म्हणाला, दोन, पण तो बैठकीच्या हॉलला लागतो. मी म्हटलं, "दोन दे." अकोल्याला एक टन होता. माझ्या घरी दोन टन पाहिजे होता. माझं गणित एवढंच होतं.

मुलगी आली. यंत्र सुरू केलं. मी खिडकी वीतभर उघडी ठेवली. कूलरला हवा जायला वाट लागते, नाही तर खोली दमट होते, हे वऱ्हाडातल्या बाईला शिकवावं लागत नाही. कूलरही चालू ठेवला, म्हणजे दोन्हींचा गारवा मिळेल. खोली अशी चिकट झाली की गादी ओली लागायची. जावयाने फोनवर सांगितल्यावर खिडकी लावली, कूलर बंद केला. मग ते यंत्र लागल्या लागल्या हिमालयासारखं व्हायचं, पोरगी पांघरूण ओढायची, तेवढ्यात टक करून बंद पडायचं. खोलीत कोंदट. पांघरूण काढलं की पुन्हा सुरू. पोरीचं नाक गळायला लागलं. एवढं पोट घेऊन ती शिंकायची तेव्हा मला धडकी भरायची. पण मी म्हणत होते, नवं आहे, रुळेल.

बाई अकोल्याहून सकाळच्या गाडीने आली. डिंकाचे लाडू आणले होते. आत गेली, भिंतीला हात लावला आणि तळहात उलटा करून पाहिला. "भिंत रडून राहिली वं," ती म्हणाली. मग उशाशी वाटी ठेवली आणि बाहेर येऊन जेवायला बसली. जेवण आटोपलं, तिने वाटी आणली, झाकण काढलं आणि माझ्या तळहातावर उलटी धरली. थेंब पडला नाही.

"काय वं," ती म्हणाली, "अठी पोरगी बाळंत कराची हाय का पालक ठेवाचा हाय?"

माझी मुलगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग नाक पुसत म्हणाली, "आई, रागावू नकोस. मी मोठाईकडे जाऊ का? तिची खोली मला माहीत आहे. तिथे मला झोप लागेल."

"पहिलं बाळंतपण माहेरी असते," मी म्हटलं.

"तेही माहेरच आहे ना," ती म्हणाली.

हे पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता. आयुष्यभर ज्याची भीती होती ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि तेही मी स्वतः निवडून आणलेल्या यंत्रापायी. आता बाईने फक्त "चाल" म्हणायचं होतं. पोरीची बॅगसुद्धा अजून पूर्ण उघडली नव्हती.

बाई पदराने वाटी पुसत बसली. बराच वेळ पुसली. पुसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. मग उठली आणि बैठकीत गेली. आमची बैठक मोठी आहे, वर उघडा स्लॅब, पश्चिमेला सगळी भिंत. तिने भिंतीला हात लावला, वर पाहिलं आणि आवाज दिला, "लहाने, इकडं ये."

मी गेले.

"अठी कोन बसते?"

"येनारे-जानारे बसते. हे टीव्ही पाहते."

"येनारे-जानारे महिनाभर बाळंतिनीलेच पाहाले येतीन. त्यायले त्या खोक्यात कोंबशीन? सकाळी शेकाची शेगडी पेटोशीन, तेल लावनारी बसन, तू बसशीन, लेकराच्या आत्या-मावश्या येतीन. तुहं मशीन मोठं नाई वं. खोली लहान हाय. हे मशीन या बैठकीचं हाय. मानसं मोजली का बरोबर बसते."

"बाळंतीण बैठकीत?" मी म्हटलं. "लोक काय म्हनतीन?"

"थंड जागा भेटली का लोक काई नाई म्हनत. उठाचं नाव घेत नाई, एवढाच तरास."

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती.

"अन् तुमची खोली?" मी विचारलं.

"माह्या खोलीचं काय. ते कुठं पयून राहिली?"

मुलगी दारात येऊन ऐकत होती. म्हणाली, "मोठाई, तू म्हणशील तसं." मला विचारलं नाही. पण राहिली. माझ्या घरात राहिली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने एसी बैठकीत हलवला. आतल्या खोलीच्या भिंतीला नळीचं भोक राहिलं, त्यात मी जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. सोफा आतल्या खोलीत, टीव्ही आतल्या खोलीत, हे आतल्या खोलीत. बैठकीला पडदे लावले, बाज टाकली. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून हिरवी जाळी बांधायला बाई स्वतः स्टुलावर चढली. त्या महिन्यात आमच्याकडे पुरुष पाहुणा आला की त्याला मागच्या दाराने घ्यायचं आणि त्या खोक्यात, टेबलपंख्यासमोर बसवायचं. फार कोणी टिकले नाहीत. ह्यांचे मित्र तर पावसाळ्यातच परत दिसले.

मुलीला मुलगी झाली. बैठक अशी राहिली की शेगडी पेटली तरी बाळाच्या कपाळावर घाम नाही आणि शेगडी विझली तरी कोणी पांघरूण ओढलं नाही. उशाशी बाईची वाटी. ती बोटाने तूप उकरून पाहायची आणि मान हलवायची. रवाळ.

बारशाला सगळी गल्ली बैठकीत मावली. यंत्राने दम सोडला नाही. बायका म्हणाल्या, काय डोकं लावलं बाईनं. मी मोठ्याने म्हटलं, "दोन टनाचा एसी मी पसंत केला." समोरची म्हणाली, "हो वं, पन जागा तं बाईनं दाखवली." सगळ्यांना असं वाटलं की तिने मला माझी मुलगी परत दिली. माझीच वस्तू मला परत करून ती मोठी झाली. कोणी आपल्याशी वाईट वागलं तर निदान त्याच्याशी भांडता येतं. हिने तीही सोय ठेवली नाही. त्या दिवसापासून माझा हेवा कमी व्हायला पाहिजे होता. तो वाढला.

पुढे एका थंडीत ती गेली. फार आजारी पडली नाही, कोणाला करायला लावलं नाही. यातही माझ्यापुढेच राहील असं दिसतं.

घर रिकामं करायला आम्ही दोघं अकोल्याला गेलो. एसी भिंतीवर तसाच होता. शेजारच्या चाची चहा घेऊन आल्या आणि एसीकडे पाहत बसल्या.

"ये मशीन लेने मैं ही साथ गई थी," त्या म्हणाल्या. "आपा ने पहले पौन टन का पसंद किया. बोली, मैं अकेली, मुझे इतना बस है. दुकान की सीढ़ी उतर गए हम. फिर वहीं खड़ी हो गई, और वापस चढ़ी. बोली, मई में बच्ची आएगी. उसका बच्चा. सेंक की सिगड़ी रहेगी. और लहानी को भी बुलाऊँगी. गुस्सा करेगी, पर बेटी के लिए आएगी, एक कोने में मुँह फुला के बैठेगी. उसको भी गिनो. एक टन का दो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा घेतला. साखर जास्त होती.

म्हणजे थंडीतच तिने सगळं मोजून ठेवलं होतं. माझी मुलगी, माझी नात. आणि मला न विचारता, मला. ती खोली तिने आमच्यासाठी मापली होती. मग माझ्या बैठकीत उभी राहून, भिंतीला हात लावून, तिने तो बेत मोडला, आणि त्या खोलीत पुढे एकटीच झोपत राहिली. मी गेले असते का अकोल्याला, कोपऱ्यात तोंड फुगवून बसायला? नसते गेले, असं मी ह्यांना परतताना गाडीत सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

तो एसी हे विकायला निघाले होते. मी विकू दिला नाही. आतल्या खोलीतला लुगड्याचा बोळा काढला आणि त्याच भोकातून त्याची नळी घेतली. वाटीही आणली. उशाशी असते. आम्ही दोघंच झोपलो की सकाळी तूप थिजलेलं असतं. मे महिन्यात मुलगी आणि नात येतात. बैठकीत दोन टन आहे, तिथे झोपा म्हटलं तरी ऐकत नाहीत, इथेच गाद्या टाकतात. त्या दिवसांत सकाळी तूप रवाळ असतं. नात बोट घालून चाटते आणि विचारते, "आजी, ही वाटी कोणाची?"

"मोठाईची," मी सांगते.

मग वाटी पुसून उशाशी ठेवते. माणसं तिने बरोबर मोजली होती. पण होती ती माझी.